एक पाकळी लहान

पाय ओळखीचा होता, म्हणून त्यानं वर पाहिलंच नाही. दुपार उतरणीला लागलेली, दुकानात फारशी वर्दळ नाही, आणि बुटांच्या दुकानात उभा जन्म बुटक्या स्टुलावर बसून काढलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचं तोंड पाहायची सवय उरत नाही. त्याला माणसं कळायची ती घोट्यापासून खाली. समोर आलेला पाय आखूड होता, रुंद होता, तळवा मऊ आणि सपाट, आणि अंगठा शेजारच्या बोटापासून फटकून बसलेला, भावकीत रुसलेल्या थोरल्यासारखा. हा पाय तो रोज सकाळी हातात घेत असे. त्यानं मोजा चढवला, टाचेमागं पट्टी धरून बूट सरकवला, आणि नाडी ओढता ओढता रोजच्या सुरात म्हणाला, "गोगे, बोटं सैल सोड गं."

त्याच्या हातावर एक लहानसा, जाडसर पंजा येऊन बसला. पंजानं नाडी अडवली.

"मी," आवाज म्हणाला. "मी बांधते." आणि मग, चूक ती चूक, सांगायलाच हवी म्हणून, "मी गोगी नाही."

त्यानं वर पाहिलं. तेच डोळे, कडांना वर ओढलेले, बारीक पापण्यांचे. तेच बसकं, बटणाएवढं नाक. तोच चेहरा, पण आत राहणारं माणूस दुसरंच. ही पोर त्याच्याकडं अशी बघत होती की जणू त्यानं तिचं काहीतरी उचललंय आणि ते परत ठेवेपर्यंत ती नजर काढणार नाही. त्यानं नाडी सोडली. मागच्या बाकावर तिची आई फोनवर कुणाला तरी "पोचते म्हटलं ना, पोचते," असं बजावत होती. तिनं फोन पिशवीत टाकला आणि हसली.

"तिला हात नका लावू. तुम्ही बांधलीत तर सोडून परत बांधेल, आणि आम्हाला इथंच संध्याकाळ होईल."

पोरीनं जिभेचं टोक ओठांत धरलं, एक वेढा केला, तो निसटला, पुन्हा केला. गाठ पडली. ओबडधोबड, पण घट्ट. तिनं पाय आपटून पाहिला आणि हुकूम सोडावा तशी म्हणाली, "दुसरा."

"कुणी शिकवलं हिला?" त्यानं विचारलं.

"शिकवतंय कोण? आमच्या घरी सकाळ म्हणजे आग लागल्यासारखी पळापळ. एक दिवस म्हटलं, बांधलीस तर बांध, नाहीतर चल तशीच. किती दिवस भांडली माझ्याशी. सासूबाई म्हणतात, मुलीची जात आहे, जरा वळण लावा. म्हटलं, हिला वळण लावायला गेले ते सगळे स्वतःच वळून आले." तिनं पोरीची बट कानामागं सारायला हात नेला, पोरीनं तो झटकला. "बघा. आणि गोगी कोण? तुमची लेक का?"

किती सोपा प्रश्न. हो म्हणायला काही लागत नाही. मान हलवली तरी भागतं. पण तो खोक्यातला पातळ कागद सारखा करत बसला आणि म्हणाला, "नाही, असंच. सगळ्याच पोरांना म्हणतो मी." जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या वाक्याबरोबर दाताखाली काहीतरी कचकन आल्यासारखं झालं. त्या बाईनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती उठली. पोर नवे बूट घालूनच निघाली, दारात आईच्या पुढं, मागं वळून न बघता.

दुकान बंद करून तो घराकडं निघाला तेव्हाही तो पंजा त्याच्या हातावरच होता. नेहमीच्या वाटेनं न जाता तो कालव्याच्या कडेची लांबची वाट धरून चालला. त्याला शेजारीण आठवली, जुन्या घराच्या जिन्यावरची. गोगी तीन-चार वर्षांची असेल तेव्हा. कुठल्याशा बागेत दुसऱ्याच एका पोरीला गोगी समजून तिनं उचलून घेतलं होतं, आणि घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं, "काय करणार हो, ही मुलं सगळी एकाच साच्यातली दिसतात." त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. जिन्यात समोर आली की भिंतीकडं तोंड करायचा. बायको म्हणायची, "अहो, चुकून बोलली बिचारी." तो म्हणायचा, "चूक तोंडाची नाही, डोळ्यांची आहे." मोठा आला होता डोळेवाला. गिऱ्हाइकांना दिवसभर सांगायचा, ताई, दोन्ही पाय घाला, एका माणसाचे दोन पाय सारखे नसतात, डावा उजव्याहून वेगळाच निघतो. आणि त्याच तोंडानं, त्याच हातांनी, लोकाच्या लेकीला स्वतःची म्हणून नाडी बांधायला बसला. शेजारणीनं निदान चेहरा तरी पाहिला होता.

पाण्यावर पलीकडच्या घरांचे दिवे लागत होते. गोगी जन्मली तेव्हाही अशीच दिवे लागायची वेळ होती, आणि डॉक्टर खिडकीपाशी उभं राहून हळू आवाजात समजावत होता. डाउन सिंड्रोम म्हणतात याला. प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्त असतं. तो कशाला तरी धरायचं म्हणून म्हणाला होता, "जास्त आहे ना, कमी तर नाही ना?" आणि डॉक्टर हसला नव्हता. म्हणाला होता, "हे बघा, पुस्तकात लिहिलेलं सगळं हिच्यात शोधत बसू नका. कुणी लवकर बोलतं, कुणी उशिरा. कुणी भांडकुदळ, कुणी गरीब. कुणाच्या हृदयाला त्रास, कुणाला काहीच नाही. मूल मूल वेगळं असतं." हे त्यानं ऐकलं होतं. पावसात उभ्या माणसाला पाऊस ऐकू येतो तसं.

मग माणसं आली, आणि प्रत्येकानं आपापलं गाठोडं सोडलं. बायकोच्या माहेरचे म्हणाले, देवाघरचं मूल आहे, नशीब लागतं. त्याच्या काकूनं तोंडाला पदर लावून विचारलं, पोटुशी असताना हिनं काही भलतंसलतं पाहिलं का. आणि त्याची थोरली बहीण, खोकत खोकत जिना चढून आलेली, तिनं बाळाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांत शहाणं म्हणून बोलली, "मुलगी आहे ते एक बरं झालं बाबा. मुलगा असता तर जगानं विचारलं असतं, पुढं काय करणार. मुलीला कोण विचारतं? घरात राहील. आता पदरी पडलं ते पवित्र झालं." कुणी तिला टोकलं नाही. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानं ते वाक्य उचललं, झटकलं आणि त्यावर आपलं वाक्य बेतलं. "मी आहे ना," तो म्हणाला. केवढं भरून आलं होतं त्याला तेव्हा. बहिणीचं वाक्य आणि आपलं वाक्य एकाच कापडाचं आहे, हे त्याला कालव्याच्या कडेनं चालताना, आज, पहिल्यांदा दिसलं. ती म्हणाली घरात राहील. तो म्हणाला मी आहे ना. भिंत तीच, फक्त त्याच्या बाजूनं लिंपलेली.

पोर उशिरा चालायला लागली. बायको तिचे पाय तेलानं चोळायची आणि आपल्या आजीच्या चालीवर गुणगुणायची,

हळूच चाले बाळ, नको बाई घाई करू
वाटच तिच्या पावलांचं बोट लागली धरू.

तो घरी आला की वाटेला ते बोट धरायची संधीच मिळायची नाही. तो उचलायचा. जिना, रस्ता, बाजार, सगळं त्याच्या खांद्यावरून. शेजारपाजारचे म्हणायचे, बाप असावा तर असा. बायकोची चाल तीच असायची, ओवी मात्र हळूहळू बदलली,

उचलून घेऊ नको, पायाला लागू दे भुई
कडेवरच्या वेलीला मूळ येतच नाही.

हे कुणासाठी म्हटलं जातंय याचा त्यानं कधी विचार केला नाही. घरात बाई गुणगुणतेय म्हणजे घर ठीक आहे, एवढाच त्या सुराचा अर्थ त्याला ठाऊक होता. गोगी हे नावही त्याचंच. गोगलगाय, म्हणून गोगी. सगळ्यांना आवडलं. अकरा वर्षं झाली, आता तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच काय ते उरलंय. कडेवरून उतरू न दिलेल्या लेकीला हळू चालते म्हणून चिडवायचं, आणि त्यालाच लाड म्हणायचं.

एकदा फक्त तो अशा मुलांच्या आईबापांच्या बैठकीला गेला होता. एका दालनात पंधरा-वीस पोरं. एकजण अखंड बोलत होता, एक पोरगी कोपऱ्यात बूट उलटे घालून स्वतःशीच नाचत होती, एकानं त्याच्या पोटात गुद्दा मारला आणि मग त्यालाच मिठी घातली. मुलांचे बाप पुढच्या गोष्टी करत होते, याला माझ्याबरोबर गॅरेजात घेतो, हा माल मांडायला शिकलाय. मुलींचे बाप बोलत नव्हते. एकानं फक्त विचारलं, "तुमच्या माघारी हिचं कोण बघणार?" तो मनात सगळ्या पोरांना फूटपट्टी लावत बसला होता, ही गोगीच्या पुढं, हा गोगीच्या मागं, आणि घामेजून बाहेर पडला. परत गेला नाही. बायकोला म्हणाला, "आपली गरीब आहे. तिला नको तो बाजार."

आणि गेल्या पंधरवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. लेकीला शेजारी उभं करून म्हणाल्या, "हिला आता मोठ्या वर्गात पाठवू या. तो दुसऱ्या इमारतीत आहे, मुलं आपापली बसनं येतात, आपापलं आवरतात. ही तयार आहे." तो हसला होता, जरा कीव केल्यासारखा. "अहो बाई, तयार कसली. तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही."

बाई थांबल्या होत्या. "नाडी? घरी कोण बांधतं?"

"मी आहे ना."

बाईंनी मुलीकडं पाहिलं. मुलगी भिंतीवरचं घड्याळ बघत होती, फार लक्ष देऊन, जणू त्याचा काटा तिलाच ढकलायचा आहे. "तुम्ही म्हणाल तसं," बाई शेवटी म्हणाल्या. ते त्याला त्या वेळी कबुलीसारखं वाटलं होतं. मोठा वर्ग सोमवारी सुरू झाला. गोगी जुन्याच बाकावर.

नाही, तो स्वतःला म्हणाला, आज घरी जायचं आणि शिकवायचं. त्या पोरीला येतं तर हिला का नाही? आजपासून हात लावायचा नाही. उद्या बाईंना भेटायचं. त्याच्या चालण्याला जोर आला. निश्चय केला की माणसाला वाटतं निम्मं काम झालंच.

दारामागच्या बुटक्या पाटावर गोगी बसली होती, पायांत बूट तसेच. शाळेतून ती त्याच्या कितीतरी आधी यायची, दप्तर जागेवर ठेवायची, हात धुवायची, खायची, पण बूट काढायचे ते बाबा आल्यावर बाबांनीच. हेही त्यानं तिच्या न येण्याच्या यादीत धरलं होतं. तो आत आला तशी तिनं दोन्ही पाय पुढं केले आणि तोंड उजळून बसली. रोजचा खेळ होता. सकाळी तो अशी गाठ मारायचा की दिवसभर सुटायची हिंमत नाही, नाडीच्या फुलाच्या दोन पाकळ्या अगदी सारख्या. तीस वर्षांचा हात. पण शाळेत खेळाच्या तासाला बूट काढायचे, आणि संध्याकाळी घरी यायची ती वेगळीच गाठ. वाकडी, बाहेरच्या बाजूला कललेली, एक पाकळी मोठी, एक लहान. बाईंचा हात असा, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. रोज तो गुडघ्यावर बसायचा, भुवया आवळायचा आणि म्हणायचा, "कुणा आंधळ्यानं बांधलीय ही?" आणि गोगी तोंडावर हात ठेवून हसायची. रोज. न चुकता.

आज तो बसला आणि काही म्हणाला नाही. ती वाट बघत राहिली. मग तिनंच भुवया वर करून त्याला आठवण दिली, "बाबा, म्हण ना."

"गोगे, ऐक," तो म्हणाला. "आज दुकानात एक मुलगी आली होती. तुझ्याएवढी. तुझ्यासारखीच. तिनं स्वतःची नाडी स्वतः बांधली. कुणाला हात लावू देत नव्हती." त्यानं तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि हात मागं घेतले. "आता तू बांधायची. मी दाखवतो."

गोगीचा चेहरा विझत गेला. तिनं पाय पुढं सरकवला. "बाबा बांध."

"नाही. तू."

"बाबा रागावला?"

"रागावलो नाही. बांध."

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं बायको उभी होती, हातात लोणच्याची बरणी. झाकण अडकलं की ती रोज अशीच त्याच्यासमोर बरणी धरायची. या घरात त्याच्याशिवाय एक झाकण उघडत नसे. तिनं मान हलवली की नाही ते कळलं नाही.

गोगी वाकली. जीभ ओठांत धरली नाही, अडखळली नाही. आखूड बोटांनी वेढा घेतला, आतून ओढला, दुसऱ्या पायाचाही तसाच, रोजचं काम रोज करणाऱ्या माणसाच्या कंटाळवाण्या सफाईनं. दुकानातल्या पोरीपेक्षा कितीतरी लवकर. आणि पाय बाजूला घेऊन बसली, चोरी पकडल्यासारखी. दोन्ही बुटांवर तीच गाठ होती. बाहेरच्या बाजूला कललेली. एक पाकळी मोठी, एक लहान.

तो तिच्याकडं बघत राहिला. मग गाठीकडं. आपल्या हातांखालून गेलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी त्याला एकदम दिसल्या, त्यांतली प्रत्येक तिनं बांधलेली आणि त्यानं सोडलेली. तोंडावरचा तिचा हात. त्या हाताआड नेमकं काय होतं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं, लेकीला नाही, बायकोला.

"वर्ष होऊन गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. तीच म्हणाली, बाबांना नको सांगू." बायकोचा आवाज अगदी साधा होता, मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तसा. "म्हणाली, बाबांना आवडतं."

"लहान आहे ती. तू तरी ऐकायचं नव्हतंस. बाईंसमोर मी काय बोलून बसलो... मोठा वर्ग गेला तिचा."

"घरी येऊन रडली त्या दिवशी. मी म्हटलं, चल, आता सांगू. तर नाहीच म्हणाली. तुम्ही आलात तेव्हा पाय पुढं करून बसलेली होती."

"पण हे असं... हे तिला सुचलं कसं? कुणी शिकवलं?" दुकानात विचारलेलाच प्रश्न पुन्हा तोंडातून गेला.

बायकोनं बरणी छातीशी धरली, झाकणावर तळवा ठेवला आणि फिरवला. कट् असा लहानसा आवाज झाला. झाकण उघडलं. तिनं ते ओट्यावर ठेवलं, बरणीही ठेवली, आणि हात पदराला पुसत म्हणाली, "शिकवतंय कोण हो. बघतात मुलं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तोही तोच दुरुस्त करायचा. त्याला वाटलं होतं लेकीला शिकायला उशीर लागतो. आणि ती घरातली सर्वांत बारीक, सर्वांत जुनी विद्या न शिकवता उचलून बसली होती, जी शिकायला इतर मुलींना संसारात पडावं लागतं: पुरुषाला आपली गरज आहे असं वाटत राहावं म्हणून स्वतःचे हात थोटे करून घेण्याची. त्या दुकानातल्या पोरीला ही विद्या आली नसती. ती वेगळ्या मातीची होती. तिनं हात झटकला असता. ही झटकणारी नव्हती. ही माणसाच्या चेहऱ्यावरचा ढग आधी बघायची आणि मग आपलं ऊन किती काढायचं ते ठरवायची. अकरा वर्षं त्यानं तिला कडेवर वागवलं असं तो समजत होता. नेमकं कोण कुणाला वागवत होतं, आता कुणाला विचारायचं? उद्या शाळेत जाता येईल, बाईंपुढं कान धरता येतील, मोठ्या वर्गात एखादा बाक निघेलही. ते होईल. पण ती तयार होती आणि त्याच्यासाठी मुकाट्यानं घड्याळ बघत उभी राहिली, तो क्षण कुठल्या इमारतीत परत मिळणार?

बाबा बोलत नाही हे गोगीला सोसेना. तिनं खाली वाकून आपल्याच गाठी घाईघाईनं सोडल्या, पुरावा पुसावा तशा, आणि उजवा पाय उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"आता बाबा," ती म्हणाली.

त्यानं नाडी हातात घेतली. डोळे मिटून बांधता आली असती अशी गाठ. पण बोटांना वेढाच आठवेना. एकदा निसटलं, मग दुसऱ्यांदा. समोर धुरकट झालं होतं. कशीतरी गाठ पडली आणि त्यानं हात काढून घेतला.

गोगीनं मान वाकडी करून बुटाकडं पाहिलं. फूल बाहेरच्या बाजूला कललं होतं. एक पाकळी मोठी आली होती, एक लहान. तिनं हनुवटी छातीशी आणली, भुवया आवळल्या, आणि हुबेहूब त्याचा जाड आवाज काढून म्हणाली,

"कुणा आंधळ्यानं बांधलीय ही?"

आणि वाट बघत राहिली, खेळ पुढं सरकायची. आता पाळी त्याची होती. तिनं रोज जे केलं होतं ते त्याला करून पाहावं लागणार होतं. त्यानं हात उचलला, तोंडावर ठेवला, आणि हसला.